४० आणि १००: बाटलीवरचा आकडा

११ जानेवारी १९२२. टोरांटोच्या हॉस्पिटलात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या पोराला इन्सुलिन टोचलं. फारसा गुण आला नाही, उलट टोचल्या जागी गळू झालं. कॉलिपने अर्क शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा दिला, तेव्हा साखर उतरली. पुढे पेटंट एका डॉलरला विकलं, हे सगळ्यांना पाठ आहे.

त्यानंतरचं कुणी सांगत नाही. बाटल्या आल्या २०, ४०, ८० च्या, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये तेवढे युनिट. सिरिंजही वेगवेगळ्या, मग डोस चुकायचे. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेने सगळ्यांऐवजी १०० ची आणली. आपल्याकडे बहुतेक बाटल्या अजून ४० च्याच, पेनमधलं मात्र १०० चं! ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारंगी. मेडिकलवर गर्दी असली की हातात कुठलीही येते.

पेनमधलं औषध ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात २५ युनिट. रात्री आजी घामाने भिजून बेशुद्ध पडते, घरच्यांना वाटतं जेवली नाही म्हणून. उलटं झालं तर जातात फक्त ४, आणि साखर का उतरेना म्हणून डोस वाढत राहतो.

वॉर्डात सिस्टर टोचण्याआधी बाटली आणि सिरिंज दोन्ही वाचून घेते. घरी हे काम बहुतेक सुनेवर किंवा नातवावर असतं, आणि त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. आज फ्रीज उघडाल तेव्हा दोन्हींवरचा आकडा बघा.