गुप्त मंडळीचा न्याय

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात 'शिंदे की छावनी' नावाची एक जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. छावणी म्हटली म्हणजे शिस्त आली, आणि शिस्त म्हटली म्हणजे शिक्षाही आलीच. परंतु छावणीतील शिक्षा उघड असते. अपराधी कोण, अपराध कोणता आणि शिक्षा सांगणारा कोण, हे साऱ्या तळाला ठाऊक असते. ज्या मंडळीला झेंडा नाही, तंबू नाही, स्वतःचे नाव उच्चारण्याचीही सोय नाही, तिने आपल्या माणसांचा न्याय कसा करावा? आपल्या क्रांतिकारकांना हा प्रश्न फार महाग पडला.

त्याचे पहिले ठळक उदाहरण पुण्याचे. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. गणेश आणि रामचंद्र या द्रविड बंधूंनी पोलिसांना माहिती दिली, दामोदरपंत चाफेकर सापडले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री त्यांचे धाकटे बंधू वासुदेव आणि महादेव रानडे द्रविडांच्या दारी गेले, पोलिसांचे बोलावणे असल्याचे सांगून त्या दोघांस बाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. त्याच वर्षी मे महिन्यात वासुदेव व रानडे दोघेही फासावर चढले.

पुढे तीस वर्षांनी हीच गोष्ट ग्वाल्हेरच्या एका विद्यार्थ्याच्या वाट्यास आली. १९२८ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात हिंदुस्थान समाजवादी प्रजातंत्र संघाची घडी बसली आणि चंद्रशेखर आझाद तिचे सेनापती झाले. व्हिक्टोरिया कॉलेजात, म्हणजे आजच्या महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयात, शिकणारे भगवानदास माहौर त्यांचे विश्वासू सहकारी होते. झाशीचे सदाशिवराव मलकापूरकर आणि ते १९२९ च्या सप्टेंबरात भुसावळ स्थानकावर शस्त्रांसह पकडले गेले. खटला जळगावी चालला. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी सरकारने जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष यांना आणले. जयगोपाल हा साँडर्सवधाच्या वेळी पाळतीवर असलेला सोबती, तर घोष हा संघाच्या केंद्रीय समितीचा सभासद! २१ फेब्रुवारी १९३० रोजी बाहेरून गुप्तपणे आलेल्या पिस्तुलाने भगवानदासांनी त्या दोघांवर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला, घोष बचावला. पण १९३२ साली बेतियात वैकुंठ शुक्लांनी घोषला गाठले, आणि १४ मे १९३४ रोजी शुक्लांना गयेच्या तुरुंगात फाशी झाली.

येथवर एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जळगावच्या माफीच्या साक्षीदारांनी काय केले याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. त्यांची साक्ष हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होता. त्यांना मारणे योग्य की अयोग्य, हा वाद होऊ शकेल. त्यांचा अपराध काल्पनिक होता असे मात्र म्हणता येणार नाही.

परंतु सोबत्यावर शस्त्र उचलण्याची एकदा मुभा मिळाली की ते केवळ सिद्ध अपराधापाशी थांबत नाही. त्याच १९३० साली संघाच्या केंद्रीय समितीने यशपाल या आपल्याच कार्यकर्त्याला मृत्युदंड ठोठावला. प्रकाशवती या सहकारी तरुणीशी जडलेला त्यांचा स्नेह हा शिस्तभंग ठरला. आरोपीला विचारणा नाही, बाजू मांडण्याची संधी नाही. कामगिरी सोपविली होती वीरभद्र तिवारींवर. तिवारींनी गोळी झाडण्याऐवजी यशपालांना सावध केले. यशपाल आझादांना समक्ष भेटले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि शिक्षा रद्द झाली. आझादांनी ती केंद्रीय समितीच विसर्जित केली. पुढे १९३६ साली बरेलीच्या तुरुंगात यशपाल आणि प्रकाशवती यांचा विवाह झाला, आणि हिंदी साहित्याला एक थोर कादंबरीकार लाभला.

तिवारींचे काय झाले? २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात आझाद धारातीर्थी पडले आणि कित्येक सोबत्यांचा संशय तिवारींवरच गेला. दोष सिद्ध झाला नाही, आणि धुतलाही गेला नाही. एका निरपराध्याचा जीव ज्याने वाचविला, त्याला दोषी वा निर्दोष ठरविणारे न्यायासन त्याच्या मंडळीपाशी उरलेच नव्हते.

या माणसांचा त्याग निःसंशय होता; उणीव होती ती व्यवस्थेत. जेथे साक्षी-पुरावा बोलता येत नाही, तेथे एकाची कुजबुज दुसऱ्याचा मृत्युलेख ठरते, आणि ती शिक्षा अमलात आणणाऱ्या हाताच्या सद्सद्विवेकावरच सारे अवलंबून राहते. आझादांचे मोठेपण त्यांच्या नेमबाजीत आहेच. पण शिक्षा झालेल्या माणसाला समोर बसवून त्यांनी त्याचे ऐकून घेतले, यात ते अधिक आहे. न्यायाला सुरुवात होते ती तेथूनच.