जुन्या विनोदी मालिकांचे पुनःप्रक्षेपण : करमणुकीमागील मालकीचा इतिहास

१९९९ साली कोलंबिया ट्रायस्टार या कंपनीने आपल्या संग्रहातील जुन्या मालिका एकत्र करून ‘स्क्रीन जेम्स नेटवर्क’ या नावाने अमेरिकेतील स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना पुरविण्यास प्रारंभ केला. नावात ‘नेटवर्क’ असले तरी ती स्वतंत्र वाहिनी नव्हती. राष्ट्रीय वाहिनीला वगळून कार्यक्रम थेट स्थानिक केंद्रांना देण्याच्या या व्यवहारास तेथे सिंडिकेशन म्हणतात. अशा उपक्रमांकडे स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते; परंतु त्यांचा पाया भावनेपेक्षा मालकीहक्काचा आहे.

१५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’पासून हा इतिहास सांगावा लागतो. तत्पूर्वी बहुतेक विनोदी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या केंद्रांना पडद्यावरून टिपलेली धूसर फिल्म मिळे. ल्युसिल बॉल व डेझी अर्नाझ यांनी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण केले. वाढीव खर्चापोटी त्यांनी मानधनात कपात स्वीकारली; मोबदल्यात फिल्मची मालकी त्यांच्या डेसिलू संस्थेकडे राहिली. एकदा दाखवून संपणारा कार्यक्रम त्यामुळे वारंवार विकता येणारी मालमत्ता ठरला.

आठवड्यातून पाच दिवस मालिका दाखवायची, तर सुमारे शंभर भाग हाताशी हवेत, असा या व्यवसायातील संकेत होता. स्क्रीन जेम्सच्या ‘बिविच्ड’चे (१९६४–७२) २५४ भाग होते, पैकी पहिल्या दोन वर्षांचे ७४ कृष्णधवल. ‘आय ड्रीम ऑफ जीनी’च्या (१९६५–७०) १३९ भागांपैकी पहिले ३० तसेच. रंगीत संच रूढ झाल्यावर हे कृष्णधवल भाग पुनःप्रक्षेपणातून बहुधा गाळले जात. मालिकेचा आरंभच अनेक प्रेक्षकांना ठाऊक नसे, आणि त्याची खंत विक्रेत्यांना वाटल्याचे दिसत नाही. दुसरीकडे, जाहिरातींना जागा करण्यासाठी उरलेल्या भागांनाही कात्री लागे.

यात खरी उपेक्षा झाली ती कलावंतांची. १९७४च्या करारापूर्वी ठरावीक पुनःप्रक्षेपणांनंतर कलावंतांना मिळणारी रक्कम बंद होत असे. चेहरा रोज घरोघरी दिसत राही. उत्पन्न मात्र फिल्मच्या मालकाकडे जाई. १९६०च्या संपात अभिनेत्यांनी चित्रपटांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या मोबदल्याचा प्रश्न लढविला होता, तरी साठच्या दशकातील मालिकांना पुढील कराराचा लाभ पूर्वलक्षी प्रभावाने मिळाला नाही.

मालकीचा हाच धागा भारतापर्यंत येतो. १९८९ साली जपानच्या सोनीने कोलंबिया विकत घेतली आणि १९९५ साली सोनीची हिंदी वाहिनी सुरू झाली. नव्वदच्या दशकात ‘जीनी’ व ‘बिविच्ड’ तिच्यावरून हिंदी संवादांसह महाराष्ट्रातील घरांत पोहोचल्या. या दोन्ही मालिकांचे मूळ प्रक्षेपण अमेरिकेत संपले, तेव्हा मुंबईत दूरदर्शन केंद्रही सुरू झाले नव्हते. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले.