भूगर्भातील तेल आणि राष्ट्राची पत

एखाद्या देशाच्या भूमीत तेल सापडले एवढे ऐकले की तो देश श्रीमंत झाला, असे आपण धरून चालतो. परंतु तेल खडकात असणे वेगळे आणि ते वर काढण्याइतका पैसा हाताशी असणे वेगळे. हा पैसा सरकारने उभा करावयाचा की खाजगी भांडवलाने, या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना या देशात पाहावयास मिळतो.

या देशात १९०७ साली कोमोदोरो रिवादाविया येथे पाण्यासाठी जमीन खोदत असता तेल लागले. पुढे १९२२ साली लष्करी विमानदलाचे प्रमुख एन्रिके मोस्कोनी यांनी विमानांसाठी पेट्रोल मागविले, तेव्हा परदेशी मालकीच्या वेस्ट इंडिया ऑइल कंपनीने आधी रोख पैसे ठेवा, असे उत्तर दिले. सार्वभौम राष्ट्राच्या सैन्याला उधारी नाकारली गेली! हा अपमान मोस्कोनी विसरले नाहीत. त्याच वर्षी स्थापन झालेल्या वायपीएफ या सरकारी तेलसंस्थेची सूत्रे लवकरच त्यांच्या हाती आली आणि १९२५ साली ला प्लाता येथे तिचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला.

पुढे काळ पालटला. कर्जाने व महागाईने गांजलेल्या सरकारने १९९३ साली या संस्थेचे भाग विक्रीस काढले आणि १९९९ साली ती स्पेनच्या रेप्सोल कंपनीच्या ताब्यात गेली. २००१ च्या आर्थिक कोसळणीनंतर सरकारने वायूचे दर दाबून ठेवले. ग्राहकास दिलासा मिळाला खरा, परंतु नव्या विहिरींत पैसा घालण्यास कोणी उत्सुक राहिले नाही. परिणामी २००८ पासून या वायूसंपन्न देशाला जहाजाने द्रवरूप वायू आणावा लागला.

आणि नेउकेन प्रांताच्या भूमीखाली तर सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरांचा एक अफाट साठा पडून होता! त्या थराचे नाव वाका मुएर्ता, म्हणजे मेलेली गाय. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१३ साली आर्जेंटिनाच्या भूमीत, मुख्यतः याच प्रदेशात, काढता येण्याजोगा शेल वायू सुमारे ८०२ लाख कोटी घनफूट असल्याचा अंदाज दिला. चीनखालोखाल हा जगातील सर्वांत मोठा अंदाज होता.

परंतु शेल हा खडक कंजूष आहे. त्यातील तेल व वायू आपण होऊन वाहत नाहीत. आधी खोल उभे आणि मग आडवे छिद्र पाडून, प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडून तो फोडावा लागतो. पहिल्या वर्षी उत्पन्न भरघोस येते आणि मग झपाट्याने घटते. म्हणून सतत नव्या विहिरी पाडाव्या लागतात. आजोबांनी विहीर खणावी आणि नातवंडांनी पाणी भरावे, असा हा व्यवहार नव्हे. येथे पैसा पुनःपुन्हा ओतावा लागतो आणि त्यासाठी पत लागते.

नेमकी तीच आर्जेंटिनापाशी नव्हती. २०१२ साली सरकारने वायपीएफचे ५१ टक्के भाग सक्तीने परत घेतले. २०१४ साली रेप्सोलला सुमारे ५०० कोटी डॉलरांचे सरकारी रोखे भरपाई म्हणून द्यावे लागले. दरम्यान २०१३ साली राष्ट्रीयीकृत वायपीएफनेच शेव्हरॉन या अमेरिकन कंपनीशी १२४ कोटी डॉलरांच्या पहिल्या टप्प्याचा करार केला होता. त्याच्या अटी मात्र लोकांपासून गुप्त राहिल्या. अखेर एका लोकप्रतिनिधीच्या दाव्यावर २०१५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या उघड करण्याचा हुकूम दिला.

पुढचा मार्ग दराच्या हमीचा. २०१७ साली सरकारने नव्या वायूस २०१८ करिता दर दहा लाख उष्मा एककांमागे ७.५० डॉलरांची हमी दिली. उत्पादन वाढले, तसा खजिन्यावरील भारही वाढला. २०१९ च्या आरंभी सरकारने ही मदत आवरती घेतली, तेव्हा शब्द मोडल्याचा आरोप झाला. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. परंतु अशा प्रत्येक प्रसंगानंतर पुढचे कर्ज थोडे अधिक महाग होते, हेही तितकेच खरे.

मोठ्या नळवाहिनीचा प्रश्न राहिलाच होता. २०२३ साली पुरी झालेली ५७३ किलोमीटरांची वायुवाहिनी सरकारी पैशातून झाली. त्यातील काही भाग धनिकांवरील एकवेळच्या करातून आला. याउलट ४३७ किलोमीटरांच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंतच्या तेलवाहिनीसाठी २०२५ साली परदेशी बँकांच्या गटाने २०० कोटी डॉलरांचे कर्ज दिले. त्यामागे २०२४ चा कायदा होता. मोठ्या गुंतवणुकीस त्याने तीस वर्षे कराच्या स्थैर्याचे अभिवचन दिले आहे.

श्रोतेहो, यावरून सरकारी पैसा चांगला की खाजगी, असा निवाडा मला द्यावयाचा नाही. दोन्ही मार्गांत धोका शेवटी बव्हंशी जनतेनेच पत्करलेला दिसतो. कधी करातून, कधी वाढीव दरातून, तर कधी पुढील तीस वर्षांच्या सवलतीतून. जी जनता जामीन राहते, तिला कराराचा कागद वाचावयास मिळाला पाहिजे आणि नफ्यातील आपला वाटा आधी ठाऊक असला पाहिजे. मोस्कोनींना उधारी नाकारली गेली, त्याला शतक लोटले. आज उधारी मिळते. पण ती कोणाच्या नावावर घेतली जाते, हे विचारण्याचा हक्क आर्जेंटिनाच्या नागरिकांना न्यायालयात जाऊन मिळवावा लागला. भूमीत खनिज असलेल्या प्रत्येक गरीब देशाने हे ध्यानात ठेवावे.