घोड्यावरचे महाराज आणि सासवण्याचा मुलगा

पुण्यात बी.ए. करत असताना आजोबा एकदा कोल्हापूरहून आले आणि म्हणाले, ‘‘मला शिवाजीनगरचा पुतळा दाखव.’’ श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आम्ही गेलो. आमचं पिढीजात काम नालबंदाचं. आजोबा आधी घोड्याच्या खुरांकडे पाहत राहिले, महाराजांकडे नजर नंतर गेली. हात काही जोडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘आपल्यात मूर्तीला हात जोडत नाहीत. पण हे ज्यानं करवलं, त्याच्या घरचं मीठ मी खाल्लंय.’’

करवणारे म्हणजे राजर्षी शाहू महाराज. मुसलमान मुलांसाठी त्यांनी 1906 साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिच्या बोर्डिंगात राहून आजोबा शिकले. याच शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1921च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या भांबुर्ड्यात, शिवस्मारकाची कोनशिला बसली. बसवली कोणी? इंग्लंडच्या युवराजाने! देशभर त्याच्या दौऱ्यावर बहिष्कार चालू होता, मुंबईत दंगल होऊन दोन दिवसही झाले नव्हते. शाहू महाराजांवर तेव्हा टीका झाली, आजही होते. मला मात्र, परक्या राजपुत्राला शिवरायांच्या नावापुढे वाकायला लावलं, यात थोडी मौजही वाटते. पुतळा पाहायला महाराज राहिले नाहीत, 1922च्या मे महिन्यात ते गेले. राजाराम महाराजांनी काम पुढे नेलं आणि 1928च्या जूनमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झालं.

शिल्पकार विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर. जन्म 1891, अलिबागजवळच्या सासवण्याचा. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि पोरगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोहोचला. पुढे लंडनलाही शिकून आला. भिंतीवरच्या त्या महाराजांनीच त्याला पुण्याच्या महाराजांपर्यंत आणलं, असं कवीच्या सवयीने मी म्हणतो.

एवढा मोठा अश्वारूढ पुतळा माझगाव डॉकमध्ये ओतला तो एकसंध. सुटे भाग ओतून मग जोडले, तर एखादा बिघडला तरी तेवढाच पुन्हा करता येतो. एकसंध ओतकामात ती सोय नाही. वितळलेलं ब्राँझ साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचायच्या आत कुठे थिजलं, कुठे हवा कोंडली, की महिन्यांची मेहनत वाया. लोखंड तापवण्यात हयात घालवलेल्या घरातल्या माझ्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते पुन्हा एकदा पुतळ्याभोवती फिरून आले. सांधा शोधत असावेत.

शाळेत एका मुलाने मला विचारलं होतं, ‘‘शिवाजी तुमचा कसा?’’ उत्तर सुचलं नव्हतं. त्या दुपारी ते आजोबांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, ‘‘त्याला बोर्डिंग दाखवायचं.’’

करमरकर 1967 साली गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरात आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. मांडव्याच्या धक्क्यावर उतरलात तर ते तिथून फार लांब नाही.