द्विसदस्य मतदारसंघ आणि डावपेचात्मक मतदान : मुंबई १९३७ व १९५२

प्रस्तावना : खऱ्या पसंतीपेक्षा निकालाचा हिशेब करून दिलेले मत म्हणजे डावपेचात्मक मत होय. अशा मतदानाचे स्वरूप मतदाराच्या वृत्तीइतकेच मतपद्धतीच्या नियमांवर अवलंबून असते. मुंबईतील दोन निवडणुका या दृष्टीने उद्बोधक ठरतात.

संचयी पद्धती : १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गास संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मिळाल्या. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ पैकी १५ जागा राखीव होत्या. १९३७ च्या निवडणुकीत तेथील अनेकसदस्य मतदारसंघांत मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देता येत असत. मते एकवटणे हे अल्पसंख्य समाजाचे वैध साधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या निवडणुकीत मुंबईतून विजयी झाले.

वितरणात्मक पद्धती : पहिल्या लोकसभेसाठी ४०१ पैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार मतदारास दोन मते होती. परंतु एका उमेदवारास एकच मत देता येई. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्यास एक बाद होई. उत्तर मुंबई मतदारसंघात राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७ मते मिळवून विजयी झाले. डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली, तर त्यांचे समाजवादी सहकारी अशोक मेहता यांना १,३९,७४१. मेहतांच्या प्रत्येक मतदाराने दुसरे मत आंबेडकरांना दिले असते, तर निकाल उलटला असता. ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या व कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे प्रभृतींनी एक मत ‘कुजविण्याचा’ प्रचार केला, असे आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक याचिकेत मांडले. याचिका फेटाळण्यात आली.

समारोप : मत एकवटण्याची कृती दोन्ही वेळी सारखीच होती, १९३७ मध्ये तिने उमेदवाराचे बळ वाढविले, १९५२ मध्ये त्याच कृतीने एक मत वाया गेले. दुसरे मत सक्तीने विभागावे लागल्याने राखीव जागेवरील उमेदवार इतर समाजांच्या दुसऱ्या मतावर विसंबून राहिला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले व मत कुजविण्याचा हा मार्ग बंद झाला. तथापि राखीव जागेवरील प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडला जावा, हा पुणे करारापासूनचा मूळ प्रश्न त्याने सुटला नाही.