लाट नव्हे, लोंढा

समुद्राचे नाव ज्या मुलखात बहुधा मीठ घेतानाच निघते, त्या माणदेशात २००४ च्या डिसेंबरअखेर वर्तमानपत्रांतून एक जपानी शब्द येऊन दाखल झाला. म्हसवडला पारावर तंबाखू मळीत बसलेल्या एका वृद्धाने, आबांनी, तो मथळ्यातून वाचला, तेव्हा मला नवल वाटले. कारण छापणाऱ्यांनी कोठे ‘त्सुनामी’ तर कोठे ‘सुनामी’ केलेला तो शब्द त्यांच्या जिभेवर ‘चुनामी’ होऊन आला, आणि त्यातला ‘चु’ त्यांच्या तळहातावरच्या चुन्याचाच होता. इतर भाषिकांची जीभ ज्या जपानी आद्यध्वनीवर अडखळते, तो दंत्य ‘च’ मराठीच्या घरचाच.

‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. बंदराचा उल्लेख येण्याचे कारण असे सांगतात, की खोल समुद्रात मासेमारीस गेलेल्यांना काहीच जाणवत नसे आणि परतल्यावर मात्र बंदर उद्ध्वस्त झालेले दिसे. १६११ सालच्या आपत्तीच्या नोंदीत हा शब्द आढळतो. जगाने तो उचलला १८९६ नंतर. त्या वर्षी १५ जून रोजी, ऐन सणाच्या संध्याकाळी, जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर जमीन इतकी हलकेच हलली की कोणी फारशी दखल घेतली नाही. सुमारे अर्ध्या तासाने पाणी आले आणि बावीस हजारांच्या आसपास माणसे गेली.

आपल्या किनाऱ्यालाही हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या समुद्रात भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईस जे पाणी चढले, ते अवघे दोन मीटर; तरी त्याने पंधरा माणसे ओढून नेली. दोन मीटर म्हणजे पावसाळी भरतीच्या लाटेपुढे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि फसगत तेथेच होते. वाऱ्याने उठलेली लाट फुटते व काही सेकंदांत परतते. ही मात्र तळापासून पृष्ठापर्यंत सबंध समुद्र ढकलीत येते, भर समुद्रात ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने, आणि किनाऱ्याशी आल्यावर दहा-दहा, वीस-वीस मिनिटे आत शिरतच राहते. कित्येकदा आधी पाणी मागे हटते, आणि उघड्या पडलेल्या तळावरचे मासे वेचायला माणसे खाली उतरतात.

एवढे मी सांगेपर्यंत आबांनी बार दाढेखाली धरला होता.

“लाट म्हंजे येती अन् जाती. मग ही जात का न्हाई?”

मी म्हणालो, मागून पाणी रेटत असते.

त्यांनी माणगंगेकडे हात केला. पात्र कोरडे ठक्क होते, वाळूत उकरलेल्या झऱ्याशी दोन बाया वाटीने घागर भरीत होत्या. “वर सीताबाईच्या डोंगराला ढग फुटतो, हितं कडक ऊन आसतं. माणूस निवांत वाळूत बसलेला. अन् वळणावरनं काटक्या-कुटक्या घेऊन पाणी येतं. त्येला काय लाट म्हणायची? लोंढा म्हणा की!”

जपान्यांपाशी बंदर होते, आबांपाशी कोरडी नदी होती. छापणाऱ्यांनी मात्र ‘महाकाय लाट’च कायम ठेवली, आणि पुढे निवडणुकीच्या मोसमात तर मतांचीही त्सुनामी आणली.