धडा की गोष्ट? मराठी विज्ञानकथेवरचं भांडण आणि आपला संशोधनाचा प्रश्न

आमच्या घरात एका कथेवरून दोन तट आहेत. कथा जयंत नारळीकरांची, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तुमच्यापैकी अनेकांनी ती अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात, कारण विश्वासरावांना लागणारी गोळी त्यांना चाटून गेलेली असते. पंत परत येतात आणि शेवटी त्यांचा मित्र राजेंद्र हे कसं घडू शकतं ते भौतिकशास्त्राच्या आधाराने समजावून सांगतो.

माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. ते म्हणतात, राजेंद्रचं ते बोलणं हाच कथेचा जीव आहे. पुण्यात मराठीत एमए केलेला माझा मावसभाऊ म्हणतो, राजेंद्रने खडू हातात घेतला आणि कथा तिथेच मेली. दिवाळीला दोघं एका पंगतीत बसले की हा विषय निघतोच. मामा शेवटी माझ्याकडे वळतात, “काय गं, तू पीएचडी करायलीस ना ह्याच्यावर? मग सांग की कोण बरोबर आहे ते!”

हा वाद उदगीरमध्ये होतो, त्यालाही एक अर्थ आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते इथेच, आणि ह्याच विजयानंतर भाऊंना उत्तरेच्या मोहिमेवर पाठवण्यात आलं. वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. त्यामुळे ‘तेव्हा असं झालं नसतं तर?’ हा प्रश्न आमच्याकडे किल्ल्यावर फिरायला आलेली शाळकरी पोरंही विचारतात. उदगीर हातचं गेलं असतं तर भाऊ पानिपतावर गेले असते का? नारळीकरांची कथा उभी आहे ती असल्याच प्रश्नावर.

माझा पहिला टॉपिक का फसला

पीएचडीसाठी मी आधी विषय धरला होता ‘मराठी विज्ञानकथेचे वाङ्मयीन मूल्यमापन’. सिनॉप्सिसही लिहून झाला होता. सर म्हणाले, “ह्यात तू फक्त निकाल देणार आहेस. मामा जिंकले की भाऊ जिंकला, एवढंच. हे दोघं केव्हापासून भांडतायत ते आधी शोधून आण.”

मला राग आला होता, खोटं का बोला. सहा महिन्यांचं काम वाया गेल्यासारखं वाटलं. पण ‘चांगलं की वाईट’ आणि ‘केव्हापासून आणि का’ ह्या दोन प्रश्नांमधला फरक मला तिथे कळला. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा मंडळींसाठी आजचा लेख त्या फरकावरच आहे.

भांडण किती जुनं?

मराठीत विज्ञानकथा आली तीच मुळी अनुवादातून. १९०० च्या सुमारास जूल व्हर्नची चंद्रावरच्या सफरीची कादंबरी ‘केरळ कोकिळ’ मासिकात मराठीतून क्रमशः येत होती. कृष्णाजी नारायण आठल्ये ह्यांचं हे मासिक कोचीनहून निघायचं. पुढे श्री. बा. रानडे ह्यांनी ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा लिहिली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला. फास्टर फेणे त्यांचाच. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकात अद्भुत आणि रहस्य शेजारी शेजारी नांदत होते. नारायण धारपांनी भयकथाही लिहिल्या आणि विज्ञानकथाही, आणि त्यांच्या वाचकाला दोन्हींत फार अंतर वाटलं नाही.

ह्या सगळ्या काळात वाचक मागत होता नवल. गोष्टीत विज्ञान किती टक्के, हा मुख्य मुद्दा झालेला दिसत नाही.

मग गोष्ट बदलली कधी? माझं उत्तर आहे १९७४.

मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. काम एकच, विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेणं. परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा ठेवली आणि १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते ‘नारायण विनायक जगताप’. हे टोपणनाव. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून नारळीकरांनी हे केलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आपल्या भाषणात ह्या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

आता आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. मे १९७४ मध्ये पोखरणची पहिली अणुचाचणी. एप्रिल १९७५ मध्ये आर्यभट्ट अवकाशात. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क आलं आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. विज्ञानकथेच्या पाठीवर ह्या सगळ्याचं ओझं आलं. लिहिणारेही बरेचसे विज्ञानाच्या जगातले होते. नारळीकर खगोलशास्त्रज्ञ. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले.

मुद्दा असा की ह्या कथेला बक्षीस दिलं ते विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेने आणि शाबासकी दिली साहित्य संमेलनाच्या व्यासपीठाने. एका वर्षाच्या आत दोन वेगवेगळ्या घरांनी तिला आपली म्हटलं, आणि दोघांची अपेक्षा वेगळी होती. एकाला तिच्याकडून शिकवण हवी होती, दुसऱ्याला कथा. माझे मामा आणि मावसभाऊ आज जे भांडतायत ते ह्या दोन घरांचं भांडण आहे.

लंडनमध्येही हेच

हे फक्त आपल्याकडेच घडलं का, हे तपासायला मी बाहेरचं एक उदाहरण घेतलं. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ मालिका. २३ नोव्हेंबर १९६३ ला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, तिचा पहिला भाग लागला. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा.

मालिकेमागे होते नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन. शनिवारी संध्याकाळी घरातली लहानथोर मंडळी एकत्र बसून बघतील आणि काही शिकतील, असं त्यांना हवं होतं. म्हणून कालयानातून फिरणाऱ्या डॉक्टरसोबत दोन शिक्षक दिले, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची. भूतकाळात गेलं की इतिहास, भविष्यात गेलं की विज्ञान. बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, अशी न्यूमनची स्पष्ट ताकीद होती.

डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्याच कथेत, टेरी नेशनने लिहिलेले डालेक आले. आत विद्रूप प्राणी, बाहेर धातूचं कवच. न्यूमन संतापले. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट मागे हटली नाही. डालेकांनी मुलांना वेड लावलं आणि मालिका टिकली ती त्यांच्यामुळे. निव्वळ इतिहासाच्या कथा १९६७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ बंद झाल्या.

म्हणजे जन्माच्या वेळी दोन कामं सोपवलेली, आणि महिनाभरात त्यातलं एक दुसऱ्यावर चढलेलं. आपल्या विज्ञानकथेशी साम्य आहे ना?

इथे मी खूश होऊन थांबणार होते. मग एक अडचण दिसली, आणि ती मुद्दाम सांगते, कारण असली अडचण लपवली की व्हायव्हात ती हमखास वर येते. ‘डॉक्टर हू’चे आजचे प्रेक्षक न्यूमनच्या शिकवण्याच्या हेतूवरून भांडत नाहीत. ते भांडतात ते बदलांवरून. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल बाहेर पडले आणि पॅट्रिक ट्राउटन आले. डॉक्टरचं शरीर बदलतं, अशी सोय कथेतच करून घेतली. त्यामुळे मालिका १९८९ पर्यंत चालली आणि बंद पडूनही २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. पण प्रत्येक पिढीचा डॉक्टर वेगळा. लहानपणी जो बघितला तोच खरा, पुढचे सगळे नकली. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर ह्या अभिनेत्रीची डॉक्टर म्हणून निवड जाहीर झाली तेव्हा हा वाद फारच पेटला.

म्हणून माझ्या मांडणीत दुसरं कारण जोडावं लागलं. वस्तू बदलत जाते आणि नाव तेच राहतं, तेव्हा माणसं एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तूंबद्दल भांडतात.

एक नाव, किती वस्तू?

मराठीत एकच मालिका नव्हती, पण ‘विज्ञानकथा’ हे एकच नाव होतं. त्या नावाखाली नारळीकरांचं विश्वरचनाशास्त्र आलं, लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ आली, अरुण साधूंची ‘विप्लवा’ आली, भोपाळच्या वायुकांडावरची सुबोध जावडेकरांची ‘आकान्त’ही आली. ‘आकान्त’ वाचताना कुणाला धडा घेतल्यासारखं वाटत नाही, जीव घाबरतो. पण ‘विज्ञानकथा म्हणजे डोस’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘आकान्त’ नसतेच. त्याच्या मनात असतो राजेंद्र.

हे माझ्या डोळ्यासमोर आलं ते एप्रिल २०२२ मध्ये. पंचाण्णवावं अखिल भारतीय साहित्य संमेलन आमच्या उदगीरात भरलं होतं, अध्यक्ष भारत सासणे. त्याच्या आधीचं, डिसेंबर २०२१ चं नाशिकचं संमेलन नारळीकरांच्या अध्यक्षतेखाली झालं होतं. प्रकृतीमुळे ते स्वतः जाऊ शकले नव्हते. उदगीरच्या ग्रंथप्रदर्शनात मी त्यांची पुस्तकं शोधत फिरत होते. एका गाळ्यावर ती ‘बालसाहित्या’त होती, एका गाळ्यावर ‘विज्ञाना’त. जिथे कथासंग्रह लावले होते तिथे मला ती एकदाही दिसली नाहीत. चार महिन्यांपूर्वी जो माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता, त्याच्या कथा कथांच्या फळीवर नाहीत. तेव्हा मी फक्त फोटो काढून ठेवला होता. आज तो माझ्या पहिल्या प्रकरणाचा पुरावा आहे. फळीसुद्धा दस्तऐवज असते, हे लक्षात ठेवा.

मामांची बाजू

शेवटची गोष्ट मला घरातच सापडली, आणि तिच्यामुळे माझा प्रबंध बदलला.

एकदा मी मामांना विचारलं, “मामा, तुम्हाला ते स्पष्टीकरण एवढं का आवडतं? कथा तर तिथे थांबते.” ते म्हणाले, “अगं, माझ्या वडिलांनी शिक्षण घेतलं उर्दूतून. मी कॉलेजात गेलो तर सगळं इंग्रजीतून. क्वांटम हा शब्द मराठी वाक्यात मी पहिल्यांदा वाचला तो ह्या कथेत. तुमच्यासाठी तो डोस असेल. मला वाटलं, हे आपल्यालाही कळू शकतं की.”

१९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ ला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. आपल्या भागातलं स्वतंत्र विद्यापीठ औरंगाबादला आलं १९५८ मध्ये, नांदेडचं १९९४ मध्ये. अशा ठिकाणच्या वाचकाला मराठीतून विज्ञान मिळणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या वाचकाला सहज दिसत नाही. माझा भाऊ चुकीचा नाही. कथा म्हणून राजेंद्रचा भाग जड आहेच. पण त्याच्या हाताशी विज्ञानाची पुस्तकं होती, म्हणून तो कथेकडून फक्त कथा मागू शकला. मामांना कथेकडून दोन्ही मागावं लागलं.

एका माणसाच्या आठवणीवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून आता मी मराठवाड्यातल्या निवृत्त विज्ञान शिक्षकांच्या मुलाखती घेत आहे. विषयही बदलला: ‘मराठी विज्ञानकथा आणि तिचा वाचक’.

तुम्ही विषय शोधत असाल तर आपल्या आसपासचं एखादं जुनं भांडण धरा. कीर्तनावरचं, तमाशावरचं, दैनंदिन मालिकांवरचं, कुठलंही. त्यात लगेच बाजू घेऊ नका. ज्या गोष्टीवरून वाद आहे ती जन्मली तेव्हा कुणी कोणतं काम तिच्यावर सोपवलं, नाव तेच राहून आत काय काय बदललं, आणि भांडणारा माणूस कुठून आला, त्याला काय मिळालं नव्हतं, ते बघा. आणि आपल्या मांडणीला न जुळणारं एक तरी उदाहरण स्वतः शोधून तिच्यासमोर उभं करा. माझ्यासाठी ते ‘डॉक्टर हू’ ठरलं.

नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्या रात्री पुण्याहून भावाचा मामांना फोन आला. दोघं बराच वेळ बोलले. शेवटी मामा म्हणाले, “बरं, ते राजेंद्रचं थोडं लांबलंय, मान्य. पण काढू नको त्याला.” पलीकडून भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मामा मात्र हसत होते.